रात्रीच्या पाण्यावर जाताना पायांचं काय करायचं

नाशिक जिल्ह्यात बर्फ पडत नाही, म्हणून पायांच्या थंडीबद्दल इथे कुणी फारसं बोलत नाही. स्वेटर, माफलर, कानटोपी यांची चौकशी सगळे करतात. पायात मात्र तीच रबरी चप्पल. निफाडला पारा ५-६ अंशांवर आला, कधी त्याच्याही खाली गेला, की पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोटीचा फोटो येतो. फोटोत बागाईतदार असतो, धूर असतो. पलीकडच्या वावरात रात्रीच्या लाईटवर, म्हणजे पंपाला रात्रीच्या पाळीने वीज येते तेव्हा, गव्हाचे सारे (लांब वाफे) भिजवणारी बाई त्यात नसते. आमच्याकडे बागेचं आमचे हे बघतात. गव्हाला आणि कांद्याला दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवायला, मी जाते. बाग ठिबकवर आहे, तिला कॉक फिरवला की झालं. गव्हाला खोरं घेऊन पाटावर उभंच राहावं लागतं. तेव्हा पायांबद्दल बोलायचा मला हक्क आहे.

आपल्या भागात पायाला थंडीपेक्षा ओल जास्त छळते, हे आधी डोक्यात पक्कं करा. चांगल्या मोज्यातला कोरडा पाय निफाडच्या थंडीतही रात्र काढतो. ओला पाय मात्र बऱ्यापैकी उबदार रात्रीही बधिर होतो, कारण पाणी अंगातली ऊब हवेच्या साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं. पहिल्या महायुद्धात खंदकांत उभ्या असलेल्या सैनिकांचे पाय सडले, त्याला बर्फच लागला असं नाही. दिवसचे दिवस ओल्या बुटात राहिले आणि थंडी गोठणबिंदूच्या वर असतानाही पाय गेले. आपण काही दिवसचे दिवस पाण्यात नसतो, पण डिसेंबर-जानेवारीत रात्रीच्या लाईटची पाळी असली की रोज रात्री चार-पाच तास असतो, आणि ते हंगामभर चालतं.

त्यात विहिरीचं पाणी फसवं. जमिनीखालचं पाणी बारा महिने जवळपास सारख्याच तापमानाचं असतं, म्हणून पहाटे पाइपातून पडताना त्यावर वाफ दिसते आणि पाय घातला की बरं वाटतं. अनवाणी दारं धरणारे गडी यावरच सांगतात, की पाण्यात थंडी वाजत नाही. पाण्यात नाहीच वाजत. बांधावर चढलं की वाजते. कातडीवरची ओल वाऱ्याने उडायला लागते, उडता उडता ऊब घेऊन जाते, आणि थोड्या वेळाने करंगळी आहे की नाही ते बघायला बॅटरी मारावी लागते. कालव्याच्या पाण्यात तर तेवढंही सुख नाही. ते रात्रभर उघड्या पाटातून गार होत येतं. त्यामुळे पाणी कोमट आहे म्हणून बूट काढून ठेवायचे, हे करू नका.

अंग गार पडायला लागलं की शरीर आधी छाती-पोट सांभाळतं. हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि पायाकडे जाणारं गरम रक्त कमी होतं. म्हणून अर्धी काळजी पायाच्या बाहेरच घ्यायची असते. डोकं, कान, मान झाकलेली हवीत. मांड्या-पोटऱ्या झाकलेल्या हव्यात, आणि इथेच साडी नडते. साडीचा काठ ओला झाला की पाणी कापडातून वर चढतं आणि सरळ बुटात उतरतं. मी यांची जुनी ट्रॅकपँट घालते, वरून यांचाच जुना स्वेटर. गावात सुरुवातीला हसले, आता कुणी बघतही नाही. पँटचे पाय बुटाच्या आत खोचले तर ते कोरडेच राहतील असं बघा. वाफ्यात पाणी उडणार असेल तर बुटाच्या बाहेरून सोडा, म्हणजे थेंब बाहेरच गळतील.

आता गमबूट. गमबूट ऊब देत नाही, तो फक्त पाणी अडवतो. नुसता गमबूट घालून जाणारा माणूस तासाभरात म्हणतो की चप्पल बरी होती, आणि त्याचं काही चूक नसतं, कारण गार रबर चारी बाजूंनी पायाला चिकटलेलं असतं. ऊब आत भरायची असते आणि त्यासाठी बुटात जागा लागते. म्हणून बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठा घ्या, आणि दुकानात जाताना जाड मोजे सोबत न्या. मोजे घालून, बूट चढवून, उभं राहून पायाची बोटं हलवून बघा. बोटं मोकळी हलली पाहिजेत. आवळलेल्या बुटात रक्तच पोचत नाही, मग कितीही मोजे घाला.

बायकांच्या मापाचा गमबूट शोधणं हे वेगळंच काम आहे. नाशिक शहरात भद्रकाली, मेन रोडला विचारलं की सात, आठ, नऊ नंबर समोर येतात. चार-पाच नंबर मागितला की दुकानदार लहान मुलाचे रंगीत पावसाळी बूट काढतो, त्यावर बदकाचं चित्र. सातपूर-अंबडच्या बाजूला कंपन्यांना सेफ्टीचं सामान देणारी दुकानं आहेत, तिथे विचारा. तिथे लहान नंबर मिळायची शक्यता जास्त. विकत घेतलेला बूट शेतात नेण्याआधी घमेल्यातल्या पाण्यात दाबून धरा आणि आत कोरडा हात फिरवून बघा, ओल लागते का. जुन्या बुटाचंही दर हंगामाच्या सुरुवातीला असंच करा. रबरी बुटाला भोक पडलं तर सायकलच्या पंक्चरचं ठिगळ बसतं. पीव्हीसीच्या बुटाला ते नीट धरत नाही, तो सरळ बदला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बुटातला तळवा. लोक मोज्यावर पैसे घालवतात आणि तळवा विसरतात. मोजा ऊब देतो तो त्यात अडकलेल्या हवेमुळे, पण तळपायाखाली आपलं सगळं वजन येतं, मोजा दाबला जातो, हवा निघून जाते. खाली ओली गार जमीन, मध्ये बोटभर रबर. म्हणजे गारवा खालूनच चढतो. त्यावर माझा उपाय जुन्या घोंगडीचा. सासूबाईंची एक घोंगडी होती, मधे विरलेली पण कडेला घट्ट. धनगरी घोंगडीची लोकर जाडीभरडी असते, वजनाखाली कापसासारखी बसत नाही आणि थोडी ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही.

करायचं असं. पेपरवर बूट ठेवून पेन्सिलीने कड काढा, त्या खुणेच्या दोन सुती (पाव इंच) आत कापा, कारण बूट आतून लहान असतो. तो पेपर बुटात सरकवून बघा. टाचेला दुमडत असेल तर पुन्हा कातरा. मग त्या मापाचे घोंगडीचे दोन तुकडे प्रत्येक बुटासाठी कापा. घोंगडीची कापलेली कड लगेच उसवते, म्हणून गोधडीच्या दोऱ्याने, गोधडीच्याच सुईने कडेने टीप घाला. दोन्ही तुकडे एकमेकांना शिवून टाकू नका, सुटे ठेवा. सुटे असले की लवकर वाळतात. दोन तुकड्यांच्या मधे द्राक्षाच्या पेटीतला पातळ फोम घातला तर आणखी चांगलं. बबल शीट घालू नका, पहिल्याच फेरीत फुगे फुटतात. आणि पेटीत ज्या पावडरच्या चपट्या पट्ट्या येतात, ग्रेप गार्ड म्हणतो आपण, ती तर चुकूनही बुटात नको. ओल लागली की तिच्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, तेच तिचं काम आहे. घामेजल्या पायाखाली ती कातडी जाळेल. घोंगडी नसेल तर नमद्याचा (दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा) तुकडा चालतो, तोही नसेल तर बारदानाचे तीन पदर. पुठ्ठा एका रात्रीपुरता. तळव्यांचे दोन जोड करा, एक पायात असेल तेव्हा दुसरा वलनीवर.

मोज्यांचं सोपं आहे. सुती मोजा नको. सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं. आत पातळ नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा मोजा, त्यावर सैल लोकरीचा. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटला हिवाळ्यात लोकरीचे मोजे मिळतात. देवळाली कॅम्पात लष्करी सामानाच्या दुकानांतले जाड मोजे दिसायला ओबडधोबड पण टिकाऊ. ॲक्रिलिकचा मोजा लोकरीइतका नाही, तरी सुतीपेक्षा पुष्कळ बरा. दोन घट्ट मोज्यांपेक्षा एक सैल मोजा जास्त गरम असतो. मोजा काढल्यावर पोटरीवर इलॅस्टिकचा खोल वळ दिसला तर तो मोजा रात्रीच्या कामाचा नाही.

आणि बायांनो, जोडवी काढून ठेवा. धातू गार पडतो, बुटात घासतो, आणि थंडीने बोट सुजलं तर जोडवं रुतून बसतं, मग कापायची पाळी येते. आमच्या घरी यावर दोन दिवस अबोला झाला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, देवापुढे ठेवून जात जा. तेव्हापासून देवघरातल्या वाटीत असतात.

पायाला फार घाम येत असेल त्यांच्यासाठी एक युक्ती. पातळ मोज्यावर प्लॅस्टिकची साधी पिशवी चढवायची, तिच्यावर जाड मोजा. घाम आतच राहतो, जाड मोजा कोरडा राहतो, म्हणून ऊब टिकते. आतला पाय मात्र ओलसर होतो, त्यामुळे दोन तासांच्या वर हे करू नका आणि घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या नीट पुसा. बूट जरा झिरपत असेल तर पिशवी जाड मोज्याच्या वरून घाला. चालताना कुरकुर आवाज येतो, त्याला इलाज नाही.

घरातून निघताना पाय गरम आणि कोरडे असायला हवेत. गार पाय मोज्यात घातला तर मोजा त्याला गरम करत नाही, गारच ठेवतो. लाईट यायच्या आधी उठा, पाय गोधडीतून थेट मोज्यात जाऊ द्या, पण झोपताना घातलेला मोजा बदला, त्यात घाम असतो. बूट रात्रभर मोटरीच्या खोपीत ठेवले असतील तर ते बर्फासारखे असणार. घरात आणून ठेवत जा. कधी मी तव्यावर वाळू कोमट करून जुन्या मोज्यात भरते आणि बुटात पाच-दहा मिनिटं ठेवते. वाळू कोरडीच हवी.

पोटात काहीतरी हवं. अर्धी बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, गुळाचा खडा, एवढं पुरतं. उपाशी पोटी अंग ऊब कुठून आणणार? दारूचं सांगते, कारण रात्रीच्या पाण्यावर ती फार चालते. घोट घेतला की कातडीकडे रक्त धावतं, गरम वाटतं, आणि तेवढीच ऊब वाऱ्यावर निघून जाते. बिडीने उलटं होतं, रक्तवाहिन्या आणखी आकसतात. ज्यांची बोटं आधीच पांढरी पडतात त्यांनी तरी रात्री बिडी ओढू नये.

वावरात गेल्यावर खरा वैरी म्हणजे उभं राहणं. सारा भरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं काही काम नसतं, माणूस खोऱ्यावर हात टेकून उभा राहतो आणि तिथेच पाय जातात. बांधावर एक फळी टाकून ठेवा, नाहीतर भुसा भरलेली गोणी. ओल्या मातीवर उभं राहण्यापेक्षा तिच्यावर उभं राहा. आणि टाचा उचला: चवड्यावर या, खाली या, पंधरा-वीस वेळा. पोटरी आवळली-सोडली की रक्त पायातून फिरतं. बुटात बोटं हलवत राहा. पाय आपटून मात्र काही होत नाही, बधिर पायाला लागलेलं कळत नाही एवढंच. शक्य असेल तर पाण्याची पाळी अशी लावा की खोलगट तुकडा मध्यरात्रीच्या आत उरकेल. गार हवा जड असते, रात्र चढते तशी ती सखल वावरात साचते. उंचावरच्या तुकड्यावर पहाट त्यामानाने सोपी जाते.

सोबत पिशवीत कोरड्या मोज्यांचा एक जोड हवाच. बुटाच्या वरून पाणी शिरलं तर आता घरीच जाऊ असं म्हणत तास काढू नका. बांधावर बसा, बूट उलटा करा, तळवा पिळा, पाय टॉवेलने पुसा, मोजे बदला.

दोन गोष्टी थंडीच्या नाहीत पण बुटाच्या आहेत. ओल्या अनवाणी पायाने स्टार्टरला हात लावू नका; खोपीत कोरडी फळी ठेवा, तिच्यावर उभं राहूनच बटण दाबा. आणि थंडीत साप नसतात या भरवशावर राहू नका, घोणस थंडीतही रात्री बाहेर असते. गुडघ्याखालपर्यंतचा बूट आणि बॅटरी, दोन्ही हवं.

शेकोटीजवळ बसायला सगळ्यांनाच आवडतं. मलाही आवडतं. पण बधिर पायाला आच कळत नाही. रबर मऊ पडतं, नायलॉनचा मोजा वितळून कातडीला चिकटतो, आणि माणूस आपला गप्पा मारत बसलेला असतो. हात पोळतील तितकं जवळ पायाला नेऊ नका. ज्यांना साखर आहे त्यांनी पाय शेकूच नयेत. त्यांच्या तळपायाची जाणीव आधीच कमी झालेली असू शकते, भाजलं तरी सकाळपर्यंत कळत नाही.

कांदा लावणाऱ्या बायांचं काय, हा प्रश्न गमबुटाने सुटत नाही. भिजवलेल्या वाफ्यात बूट रुततो, टाचेने खड्डे पडतात, रोप तुडवलं जातं. त्यामुळे त्या अनवाणीच असतात, चिखलात, ओणव्या. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्या उक्त्यावर (रोजावर नाही, कामाच्या हिशोबाने) लावतात, म्हणून उजाडायच्या आतच वाफ्यात उतरतात. इथे मालकाने अक्कल चालवावी. पहिले दोन तास कोरड्यात रोप उपटून जुड्या बांधायचं काम ठेवा, ऊन वर आलं की लावणीला घ्या. जमीन साथ देत असेल तर कोरड्यात लावून मागून पाणी सोडा. बांधावर गोणपाट, पाय पुसायला कोरडं फडकं आणि एक शेकोटी मालकाने द्यावी. मजुरी ठरवताना हे बोलायला कुणाला सुचत नाही, आणि बाया आपणहून मागत नाहीत.

द्राक्षाच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये काम करणाऱ्यांना वरचं सगळं लागू आहे, फक्त तिथे ० ते १ अंश बाराही तास आणि फरशी सिमेंटची. तिथे तळवा आणखी जाड घ्या, उभं राहायला लाकडी पॅलेट मागा, आणि बाहेर सुट्टीला आलात की बूट सैल करून पाय मोकळे करा, नाहीतर बाहेर आलेला घाम आत गेल्यावर गारठतो.

घरी आल्यावर पहिलं काम, मोजे काढून पाय उजेडात बघणं. पांढरे, सुरकुतलेले, गार असतील तर पुसा, कोरडं गुंडाळा, आपोआप गरम होऊ द्या. कोमट पाणी चालतं, पण कोपर घालून बघा. पायाने बघू नका. जोरात चोळू नका. बोटं लाल-जांभळी होऊन सुजली, खाज आणि आग सुटली तर ती थंडीची सूज असते, पाय एकदम शेकला की ती जास्त उठते. खाजवू नका, थंडी आणि ओल टाळली की दोन-तीन आठवड्यांत बसते. बेचक्यांत कातडी पांढरी होऊन सोलली तर चिखल्या. तिथे तेल लावू नका, कोरडं ठेवा, वेळेवर औषध आणा. भेगांना मात्र कोकमतेलासारखं काही नाही. ढेप कोमट करून रात्री भेगेत भरा, वरून जुना सुती मोजा. सुती मोज्याचा उपयोग एवढाच. तेलाने पाय गरम होतात असं म्हणतात, तसं काही होत नाही, कातडी फुटत नाही एवढंच.

पाय तासाभराने गरम होऊनही बधिरच राहिला, निळा-पांढरा दिसला, फोड आले, किंवा साखर असलेल्या माणसाला छोटी जरी जखम दिसली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. लाईटची पाळी पुढच्या आठवड्यात पुन्हा येते.

बुटांचं शेवटचं. तळवे बाहेर काढा, बुटात पेपरचे बोळे कोंबा, तासाभराने बदला. सकाळी ऊन आलं की दोन मेखा जमिनीत ठोकून त्यांवर बूट उलटे घाला. चुलीजवळ ठेवू नका, रबर तडकतं. संध्याकाळी आत घ्या आणि रात्री पाय घालण्याआधी दोन्ही बूट जमिनीवर आपटून झटका. विंचू निघतो कधी कधी.